अंकांतील प्रथमावृत्ती आणि बनावट स्वाक्षरी

महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकल्याचे कोणी सांगितले, तरी त्याचे लगेच अभिनंदन करू नये आणि धिक्कारही करू नये. सुत्त व विनय यांच्याशी ते ताडून पाहावे, असा त्यांचा आशय आहे. जुने अंक व त्यांवरील स्वाक्षऱ्या तपासताना प्रस्तुत लेखकास याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

ग्रंथ भागशः विकण्याच्या पद्धतीस इंग्लंडात डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मुळे मोठी लोकप्रियता लाभली. एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात त्याचे हिरव्या वेष्टनाचे भाग दरमहा एका शिलिंगास विकले गेले. चित्रकार सीमूर यांनी आत्महत्या केल्यावर तिसऱ्या भागात बस यांची दोन चित्रे आली, तीही पुढे बदलली गेली. संग्राहक म्हणूनच ती चित्रे शोधतात, आणि विक्रेते एका प्रतीचे वेष्टन दुसऱ्या प्रतीच्या पानांना जोडून 'संपूर्ण' संच तयार करतात. आपल्या नित्य वापरातील पाली-इंग्रजी कोशही १९२१ ते १९२५ या काळात भागशःच निघाला. ऱ्हीस डेव्हिड्स १९२२ मध्ये निवर्तले. त्यांची स्वाक्षरी अखेरच्या भागावर दिसली तर भिंगाची गरजच नाही.

भिंगाची गरज पडली ती टॉमस वाइज याच्या प्रकरणात. नामवंत ग्रंथसूचीकार असलेल्या या गृहस्थाने व्हिक्टोरियन कवींच्या 'प्रथमावृत्ती' म्हणून मागील सालांच्या पुस्तिका छापविल्या. १९३४ साली कार्टर आणि पोलार्ड या दोन तरुण ग्रंथविक्रेत्यांनी कागद व टाइप तपासून दाखविले, की १८४७ साल छापलेल्या पुस्तिकेचा कागद त्या काळी तयारच होत नव्हता. विद्वत्तेचा दबदबा मोठा असला, तरी कागद त्याला दबत नाही.

आता आपल्याकडे वळू. 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अभ्यासासाठी लंडनला गेले. म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराच्या अंकावर त्याच दिवसांतील तारखेची, मुंबईत केलेली स्वाक्षरी असेल तर ती संशयास्पदच. बॉलपेनची शाई असेल तर प्रश्नच मिटला. जुन्या घडीच्या चिरेत शाई पसरली असेल, तर सही घडी पडल्यानंतरची ठरते. गिरवलेली रेघ संथ, थरथरती आणि एकसारख्या दाबाची असते. शिवाय छायाचित्राखाली ब्लॉकने छापलेल्या सह्या असतात. त्यांना अस्सल मानणारा माणूस लबाड नसतो, भोळा असतो.

काही वर्षांपूर्वी एक उपासक 'द बुद्ध अँड हिज धम्म'ची जुनी प्रत घेऊन आले. आत बाबासाहेबांची स्वाक्षरी होती. गिरणीत काम करणाऱ्या वडिलांची ही एकमेव ठेव, असे ते म्हणाले. ग्रंथ १९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, हे त्यांना सांगणे मला जड गेले. ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारले, "म्हणजे आमचे वडील खोटं बोलले?"

मी पुन्हा पान पाहिले. खालच्या कोपऱ्यात वडिलांचे नाव आणि खरेदीची तारीख होती. शाई तीच, अक्षराचे वळणही तेच. एखाद्या तसबिरीखालची सही पाहून त्यांनी ती पुस्तकावर काढली असावी. "त्यांनी स्वतः काय सांगितलं होतं?" मी विचारले. ते आठवून म्हणाले, "बाबासाहेबांचं पुस्तक आहे, एवढंच. सहीचं आम्हीच म्हणायला लागलो."

अशी प्रत एखाद्या विक्रेत्याच्या हाती गेली असती, तर पहिल्या पावतीबरोबरच ती बनावट ठरली असती. ही हकिकत चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा, असे मी सुचविले. त्यांनी तिथेच बसून, पेन्सिलीने, ती लिहून काढली.