कालव्याकाठचे जोडे

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या माणसाला उपासमारीची गोष्ट सांगू नये, एवढा शिष्टाचार मलाही कळतो. पण ही गोष्ट उपासमारीने सुरू झाली नाही. ती सुरू झाली सायकलीने. पुढे ती जिथे गेली तिथे मी तिला नेले नाही, तिनेच मला नेले. तेव्हा वाचकांनी हातातली करंजी खुशाल हातात असू द्यावी आणि चार दिवस माझ्याबरोबर आयर्लंडातल्या एका कालव्याच्या काठाने हिंडून यावे.

मी खेड्यातला शाळामास्तर. गेली वीस वर्षे सायकलीने शाळेत जातो. पुतण्या डब्लिन शहरी नोकरीला आहे. त्याने फोनवर सांगितले, “काका, मे महिन्याची सुटी आहे, या इकडे. इथे एकशेतीस किलोमीटरची वाट आहे, खास चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडे. तुम्हाला दम लागेल असा चढ नाही.” चढ नाही म्हटल्यावर मी तयार झालो.

कालवा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नीरेचा कालवा उभा राहतो. पाटाचे पाणी, उसाचे फड आणि पाळीवरून होणारी भांडणे. हा ‘रॉयल कालवा’ तसला नव्हे. त्या देशात पाऊस न मागता पडतो, शेताला पाणी द्यायची गरज नाही. हा कालवा नावांसाठी खणलेला आहे. पूर्वेकडच्या डब्लिनपासून पश्चिमेकडच्या शॅनन नदीपर्यंत माल आणि माणसे न्यायची, एवढेच त्याचे काम. नावेला दोर बांधायचा, दोराचे दुसरे टोक घोड्याला, आणि घोडा काठाने चालायचा. त्या घोड्यांच्या पायांखाली जी वाट झाली, तिच्यावरच आज सायकली चालतात. १३० किलोमीटरचा हा हरितमार्ग २०२१ साली रीतसर खुला झाला.

आता पाणी काही चढावर चढत नाही. मग नाव टेकाड कसे ओलांडते? त्यासाठी कालव्यात जागोजागी दगडी हौद बांधले आहेत, पुढे-मागे भक्कम लाकडी दारे असलेले. नाव हौदात घ्यायची, मागचे दार लावायचे आणि वरच्या अंगाचे पाणी आत सोडायचे. पाणी चढते तशी नाव चढते, मग पुढचे दार उघडायचे. तिकडे याला लॉक म्हणतात. आपण पाण्याची पायरी म्हणू. मुख्य कालव्यावर अशा ४६ पायऱ्या आहेत. एका लॉकवर मी अर्धा तास उभा राहिलो. पुतण्या म्हणाला, “काका, हे बघत बसलात तर चार दिवसांचे चाळीस होतील.” मी म्हटले, “होऊ देत. वर्गात हे मला खडूने काढून दाखवायचे आहे.”

या कालव्याच्या जन्माची एक दंतकथा सांगतात. डब्लिनहून शॅननला जाणारा ‘ग्रँड कालवा’ नावाचा दुसरा एक कालवा आधीपासूनच खणला जात होता. त्याच्या संचालकांत जोड्यांचा धंदा करणारे एक गृहस्थ होते. बाकीच्यांनी त्यांच्या धंद्यावरून टोमणे मारले म्हणून ते रागाने उठले, आणि “तुमच्या नाकावर टिच्चून दुसरा कालवा काढीन” म्हणून निघून गेले. खरेखोटे देव जाणे, पण ‘जोडेवाल्याचा कालवा’ हे नाव मात्र लोकांनी ठेवून दिले. १७९० साली काम सुरू झाले. लीन्स्टरच्या ड्यूकसाहेबांनी पैसे घातले होते, म्हणून कालवा त्यांच्या मेनूथ गावावरून वळवून न्यावा लागला. त्या वळणापायी एका नदीवरून अख्खा कालवा पुलावर उचलून न्यायची पाळी आली. खडक फोडता फोडता पैसा संपला, कंपनी बुडाली आणि शेवटचा भाग सरकारने पुरा केला. १८१७ साली, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, कालवा शॅननला पोहोचला. आपल्याकडची सार्वजनिक कामे लांबली म्हणून आपण कपाळाला हात लावतो, ते जरा कमी लावावेत असे मला वाटले.

आमची सफर मेनूथहून सुरू झाली. तिथे जाणारी आगगाडी वाटेत ब्रूमब्रिज नावाच्या स्थानकावर थांबते. जवळच कालव्यावर एक कमानीचा जुना पूल आहे. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी हॅमिल्टन नावाचा गणिती आपल्या पत्नीबरोबर या काठाने चालत सभेला निघाला होता. कित्येक वर्षे छळणाऱ्या एका कोड्याचे उत्तर त्याला चालता चालता सापडले. ते विसरू नये म्हणून त्याने खिशातला चाकू काढून पुलाच्या दगडावर समीकरण कोरले. ती अक्षरे झिजून गेली; १९५८ साली तिथे फलक बसवला आहे. अवकाशयानाची दिशा मोजायला आज तेच गणित वापरतात. वर्गात भिंतीवर कोरणाऱ्या पोरांना मी आजवर छड्या दिल्या आहेत. यापुढे आधी काय कोरले ते वाचून बघायचे ठरवले.

पहिल्या दिवशी एन्फील्ड, दुसऱ्या दिवशी मलिंगार, तिसऱ्या दिवशी ॲबीश्रूल. घाई कसलीच नव्हती. मे महिन्यात तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो. काठावर हॉथॉर्नची काटेरी झुडपे पांढऱ्या फुलांनी इतकी लगडलेली, की आपल्याकडच्या कुंपणाच्या बाभळींना हेवा वाटावा. पाण्यात राजहंसाची जोडी आणि मागे करडी पिल्ले. बॉइन नदीवर कालवा दगडी पुलावरून जातो; खाली नदी, तिच्यावर कालवा आणि कालव्याच्या काठाने आम्ही. पावसाने दिवसातून चारदा गाठले आणि चारदा सोडले. मलिंगारपाशी कालव्याचा सर्वांत उंच टप्पा. ओवेल नावाच्या तळ्याचे पाणी तिथे कालव्यात येते आणि दोन्ही बाजूंना उतरते.

आणि या सगळ्या सुखात ते जोडे होते.

पहिला जोड पहिल्याच दिवशी दिसला. काठावर एका दगडी चौथऱ्यावर लहान मुलाचे जोडे ठेवलेले. कुणाचे पोर विसरले की काय म्हणून मी सायकल थांबवली. हात लावला तर थंडगार काशाचे! एकोणिसाव्या शतकातल्या एका मुलाचे खरेखुरे जोडे एका झोपडीच्या छपरात एकमेकांना बांधून ठेवलेले सापडले. त्यांवरून हे ओतले आहेत. असे तीसहून अधिक जोड या वाटेवर आहेत. ही वाट नुसती घोड्यांची नव्हती, हे मला तिथे प्रथम कळले.

१८४५ साली आयर्लंडातल्या बटाट्यावर करपा पडला. आपल्या मंचर-खेडकडच्या शेतकऱ्याला करपा म्हणजे काय ते सांगायला नको; रात्रीत हिरवे शेत काळे पडते आणि जमिनीतला बटाटा सडतो. पण आपला शेतकरी बटाटा विकतो, तिथला गरीब कूळवाला बटाट्यावरच जगत होता. धान्य पिके, पण ते खंडापायी जाई. पुढची वर्षे तशीच गेली. १८४१ साली ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली.

या कालव्याच्या पश्चिम टोकापलीकडे स्ट्रोक्सटाउन नावाचे गाव आहे. तिथला जमीनदार मेजर डेनिस मेहन. खंड थकला होता आणि गरिबांना पोसण्याचा कर डोक्यावर होता. कुळांना अनाथालयात पोसण्यापेक्षा जहाजात घालून कॅनडाला धाडणे स्वस्त पडेल, असा हिशेब त्याच्या कारभाऱ्याने मांडला. १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसे, बायकापोरांसकट, याच काठाने डब्लिनला चालत निघाली. ती वाटेतून परत फिरू नयेत म्हणून जमीनदाराचा माणूस बरोबर होता. शेजारून नावा जात होत्या. रेल्वे कंपनीने हा कालवा १८४५ सालीच विकत घेतला होता. काठाने रूळ पडत होते आणि एन्फील्डपर्यंतची आगगाडी त्याच १८४७ साली सुरू झाली. ही माणसे मात्र पायी गेली.

डब्लिनहून लिव्हरपूल, तिथून चार जहाजांत क्वेबेक. ‘व्हर्जिनियस’ नावाच्या जहाजात ४७६ उतारू चढले, त्यांतले १५८ समुद्रातच मेले. ‘नेओमी’ या जहाजावर डॅनियल टाय नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता. आई, मामा आणि भावंडे मिळून निघाले, त्यांतून तो आणि त्याची बहीण कॅथरिन एवढेच उरले. एका फ्रेंच भाषिक कुटुंबाने त्यांना वाढवले. २०१३ साली त्याचा वंशज ते गाव बघायला आला होता. मेजर मेहनला त्याच वर्षी, २ नोव्हेंबर १८४७ रोजी, कुणीतरी गोळी घातली.

दुष्काळनिवारणाची सूत्रे लंडनच्या खजिन्यात चार्ल्स ट्रेव्हेलियनच्या हाती होती. हा मेकॉलेचा मेहुणा, आधी हिंदुस्थानात नोकरी केलेला, नंतर मद्रासचा गव्हर्नर झालेला. धान्याच्या बाजारात सरकारने हात घालू नये आणि फुकट खायला घातले की माणूस आळशी होतो, ही त्याची श्रद्धा. म्हणून उपाशी माणसांना रस्त्याच्या कामाला लावले. १८४७ च्या मार्चमध्ये अशी सात लाखांवर माणसे कामावर होती. तीस वर्षांनी, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, हीच श्रद्धा आपल्या दख्खनमध्ये आली. सर रिचर्ड टेंपलने मजुरी उतरवून माणशी रोज एक पौंड धान्य आणि एक आणा इतक्यावर आणली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. उलट दिशेनेही काही गेले, तेही सांगितले पाहिजे. आयर्लंडच्या दुष्काळाची वार्ता आली तेव्हा कलकत्त्याहून सुमारे १४,००० पौंड वर्गणी गेली. मुंबईहूनही पैसे गेले.

चौथ्या दिवशी आम्ही क्लूनडारा या गावी शॅननच्या काठी पोहोचलो आणि पाचव्या दिवशी स्ट्रोक्सटाउनला. मेहनच्या वाड्याच्या आवारात आता दुष्काळाचे संग्रहालय आहे. मग लक्षात आले, की आम्ही सारी वाट उलट चाललो. ती माणसे घर सोडून निघाली होती, आम्ही त्या घराकडे आलो. ती उपाशी होती, आम्ही दर मुक्कामाला भरपेट जेवलो. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, चार दिवस मजा केली हे चुकले का आपले?” मला लगेच उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट मात्र खरी. रेल्वे आणि मोटारी आल्यावर हा कालवा ओस पडला. १९६१ साली नावांना बंद झाला. तो बुजवून त्यावर रस्ता करण्याच्या गोष्टी निघाल्या. १९७४ पासून गावोगावच्या हौशी लोकांनी फावडी घेऊन गाळ उपसला, दारे दुरुस्त केली आणि २०१० साली तो पुन्हा वाहता झाला. कालवा बुजला असता तर ती वाटही गेली असती, आणि वाट गेली असती तर जोडे ठेवायला जागा उरली नसती. लोक मजेने या वाटेवर येतात म्हणून ती जिवंत आहे. आणि ती जिवंत आहे म्हणून माझ्यासारखा कुणी जोड्यांपाशी थांबतो. पुतण्याला मी आगगाडीत हे सांगितले. त्याला पटले की नाही ठाऊक नाही; तो खिडकीतून कालव्याकडे बघत होता.

घरी आल्यावर ही हकीकत आजीला सांगितली. आजी नव्वदीच्या घरात आहे. ऐकून म्हणाली, “मग आपला रस्ता?” मला कळेना. मी रोज ज्या रस्त्याने शाळेत जातो, तो १९७२ च्या दुष्काळात झाला. आजीने त्यावर खडी फोडली होती, सुकडी खाऊन.  हे घरात सगळ्यांना माहीत होते; मी कधी विचारले नव्हते. वीस वर्षे त्या खडीवरून सायकल मारली आणि एकदाही उतरलो नाही.

जून महिन्यात शाळा भरली तेव्हा सातवीचा वर्ग घेऊन त्या रस्त्यावर गेलो. आजीला खुर्चीवर बसवून आणले होते. एका पोराने विचारले, “आजी, तुमचे जोडे आहेत का अजून?” आजी हसली. म्हणाली, “बाळा, जोडे होते कुणाला?”