सायकलीवरचे अद्भुत

आज पडद्यावर नवनव्या अद्भुतरम्य जपानी चित्रमालिका धुंडाळणाऱ्या रसिकास कदाचित ठाऊक नसेल की, १९३० च्या सुमारास, मंदीने बेजार झालेल्या टोकियोच्या गल्लीबोळांत, सायकलीमागे लाकडी चौकट बांधून, दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटीत येणारा कामिशिबाईवाला, म्हणजे चित्रकथा दाखविणारा, मुलांना हीच गोडी लावीत असे. आधी मिठाई खपवायची, मग चित्रे एकेक सरकवीत कथा सांगायची आणि नायक संकटात सापडताच खेळ तहकूब करायचा, हा त्याचा शिरस्ता. कवटीमुखी कथानायक ‘ओगोन बॅट’ असाच लोकप्रिय झाला. (चित्रे दाखवीत कथा सांगणाऱ्या आपल्या पिंगुळीच्या चित्रकथ्यांचे स्मरण येथे व्हावयाचेच.) जपानात १९५३ साली अवतरलेल्या दूरचित्रवाणीला लोक ‘विजेची कामिशिबाई’ म्हणू लागले, आणि तिनेच हा धंदा बुडविला. कामिशिबाईतच जन्मलेला भुताळी पोरगा कितारो मात्र, चित्रकार मिझुकी शिगेरूंच्या कुंचल्यातून, १९६८ साली त्याच दूरचित्रवाणीवर चालू लागला.