एकास पस्तीस

दिवाळीच्या दिवसांत महाराष्ट्रांतील घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. इतिहासाच्या अभ्यासकानें त्यांच्याकडे कौतुकानें तर पहावेंच, पण थोड्या टीकेच्या दृष्टीनेंही पहावें. दगडविटांवर ओली माती थापून मुलें गड रचतात, उतारावर अळीव पेरतात, पायथ्याशीं रस्ते आंखतात आणि माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराजांची मूर्ति बसवितात. ह्या गडाच्या दरवाजांत पहाऱ्यास उभा असलेला मावळा बहुधा दरवाजाहून उंच असतो. महाराज तर बसले असतांही बुरुजाहून मोठे दिसतात. मुलांस त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं, आणि वडील मंडळींसही वाटत नाहीं. ज्याचें महत्त्व मोठें त्याचा आकारही मोठा, हा भक्तीचा न्याय आहे, आणि तो आपल्या अंगवळणीं पडलेला आहे. परंतु हाच न्याय आपण मोठेपणीं इतिहास लिहितांना व बोलतांनाही लावतों कीं काय, ही शंका विचार करणाऱ्याच्या मनांत आल्यावांचून रहात नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट न्यायानें चालणारा एक छंद गेल्या नव्वद वर्षांत पाश्चात्य देशांत व जपानांत वाढला, आणि आतां आपल्याकडील शहरांतूनही तो थोडाबहुत दिसूं लागला आहे. मोटारगाड्या, विमानें, जहाजें, रणगाडे ह्यांच्या सुट्या भागांचे संच आणावयाचे. ते भाग कापून, घांसून, चिकटवून व रंगवून मूळ वस्तूची प्रमाणबद्ध लहान आवृत्ति सिद्ध करावयाची, असा हा छंद. येथें भक्तीस मज्जाव नाहीं. परंतु मोजपट्टीस विचारल्यावांचून तिला आंत येतां येत नाहीं. मोटारींस बहुधा एकास चोवीस किंवा एकास पंचवीस, आणि रणगाड्यांस एकास पस्तीस असें प्रमाण रूढ आहे. एकास पस्तीस ह्या प्रमाणांत पावणेदोन मीटर उंचीचा मनुष्य बरोबर पांच सेंटिमीटरांचा होतो, आणि प्रतिकृतींत एका मिलिमीटरची चूक झाली म्हणजे मूळ वाहनाच्या मापांत साडेतीन सेंटिमीटरांची चूक होते. हा सगळा पोरखेळ आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें साधें त्रैराशिक आधीं ध्यानांत घ्यावें.

ह्या छंदाचा इतिहास फार जुना नाहीं. प्लास्टिकच्या सुट्या भागांचे पहिले संच इंग्लंडांत १९३६ मध्यें ‘फ्रॉग पेंग्विन’ ह्या नांवानें निघाले. तीं विमानें होतीं, व त्यांचें प्रमाण एकास बहात्तर होतें. मोटारगाड्यांचे संच दुसऱ्या महायुद्धानंतर पुढें आले. अमेरिकेंत १९४८ मध्यें स्थापन झालेली ए. एम. टी. ही कंपनी आरंभीं मोटारविक्रेत्यांच्या दुकानांत मांडावयाच्या नमुन्याच्या लहान गाड्या करीत असे. १९५८ मध्यें तिनें ‘एकांत तीन’ अशा जातीचे संच काढले. एकाच पेटींतील भागांतून कारखान्यांतून निघते तशी गाडी करावी, शर्यतीची करावी, किंवा मालकाच्या हौसेप्रमाणें बदललेली करावी, अशी त्यांत सोय होती. पेटीवरील चित्राची आज्ञा न पाळतां आपल्या मनांतील गाडी घडविण्याची जी प्रथा ह्या छंदाचा आज प्राण होऊन बसली आहे, तिला ह्या पेट्यांनीं मोठी चालना दिली. जपानांत शिझुओका येथील तामिया ही पेढी १९४६ मध्यें लांकूड कापण्याच्या धंद्यांत पडली होती. तिनें १९६२ मध्यें जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा संच काढला. आंत विजेची लहान मोटर व बॅटऱ्या मावाव्यात एवढें अंग त्यास देण्यांत आलें, आणि मागाहून हिशेब केला तों तें प्रमाण सुमारें एकास पस्तीस भरलें. बॅटरीच्या लांबीरुंदीनें ठरलेला हा आंकडा पुढें जगभर रूढ झाला.

संचांतील गाडींत फेरफार करणें म्हणजे केवळ लहर नव्हे. आपल्याच प्रांतांतील उदाहरण घेऊं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यांत फियाट ११०० ची जी भारतीय आवृत्ति होत असे, ती पुढें ‘पद्मिनी’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती कित्येक दशकें लोकांच्या डोळ्यांसमोर होती, आणि २०२३ मध्यें तिनें त्या शहराच्या टॅक्सीतळावरून कायमचा निरोप घेतला. अशी टॅक्सी ज्यास आपल्या टेबलावर उभी करावयाची असेल, त्यास इटलीच्या फियाटची प्रतिकृति मिळाली तरी ती तशीच चालत नाहीं. समोरची जाळी बदलावी लागते. टपावरचा सामानाचा कठडा पितळेच्या तारेचा वळवून करावा लागतो. डाव्या अंगास बाहेर बसविलेला भाड्याचा मीटर प्लास्टिकच्या तुकड्यांतून कोरावा लागतो. आणि पिवळा रंग नेमका कोठें संपून काळा सुरू होतो हेंही पहावें लागतें. ज्या वस्तूकडे आपण जन्मभर पाहिलें, ती आपण किती थोडी पाहिली होती, हें तिची प्रतिकृति करूं लागल्यावर कळतें.

आतां हा विषय अहमदनगरास कसा येऊन भिडतो तें सांगावयाचें. शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे. तथापि बोलण्यांतलें ‘नगर’ दोहोंसही पुरतें. युद्धसाहित्याशीं नगरचा संबंध निजामशाहीपासूनचा आहे. विजापुरास असलेली प्रचंड मुलुखमैदान तोफ १५४९ मध्यें नगरासच ओतली गेली. आधुनिक काळांत भारतीय सैन्याच्या चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र येथें आहे, आणि त्याच्याच विद्यमानें १९९४ मध्यें येथें रणगाड्यांचें संग्रहालय उघडलें. इंग्रजांचे ‘मटिल्डा’, ‘व्हॅलेंटाइन’ व ‘चर्चिल’, जपान्यांचे ठेंगणे रणगाडे, अमेरिकन बनावटीचा ‘पॅटन’, आपल्या आवडी येथील कारखान्यांत तयार झालेला ‘विजयंता’, अशी निरनिराळ्या देशांचीं व युद्धांचीं वाहनें तेथें शेजारीं शेजारीं उभीं आहेत. त्यांतच रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे व फिरता बुरूज चढवून केलेली चिलखती मोटार आहे. हा प्रयोग १९१४ मध्यें ब्रिटिश आरमाराच्या विमानदळानें प्रथम केला. संस्थानिकांच्या पागेंत शोभणारी गाडी रणांगणावर जुंपावयाची म्हणजे तिच्यांत काय काय बदलावें लागतें, तें ह्या एका वाहनावरून दिसतें. छंदवाल्यांच्या आधीं खुद्द इतिहासानेंच हा फेरफार करून ठेविलेला आहे.

छायाचित्रावरून प्रतिकृति करणारास हें संग्रहालय काय देतें? छायाचित्र सर्व कांहीं सपाट करतें. पोलादी पत्र्याची जाडी, जोडाची खडबडीत रेघ, ओतीव बुरुजाचा खरखरीतपणा, चढणाऱ्यांच्या बुटांनीं झिजलेली कड, हें सारें प्रत्यक्ष वस्तूजवळ उभें राहून पहावें लागतें. अस्सल कागद पाहिल्यावांचून बखरीवर विसंबूं नये, असा आग्रह इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं धरला, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडाखंडानें प्रसिद्ध करून तो स्वतः आचरणांत आणला. प्रतिकृतिकाराची नगरची वारी ही त्याच जातीची आहे. त्याचा कागद पोलादी आहे, एवढाच फरक.

परंतु नगरास जतन केलेला एक रणगाडा ह्या सर्वांहून निराळा आहे. तो ‘सेंच्युरियन’ जातीचा असून त्याचें नांव ‘फामागुस्ता’. पुण्यास १४ ऑक्टोबर १९५० रोजीं जन्मलेले अरुण खेत्रपाल हे जून १९७१ मध्यें सतराव्या पूना हॉर्स रिसाल्यांत सेकंड लेफ्टनंट झाले. त्याच वर्षीं युद्धाचे ढग जमले तेव्हां ते नगरासच तरुण अधिकाऱ्यांच्या शिक्षणक्रमांत होते. तेथून ते रिसाल्यांत परत गेले. १६ डिसेंबर १९७१ रोजीं शकरगड भागांत, बसंतरच्या लढाईंत, जरपाळजवळ पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांशीं झुंजतांना त्यांच्या रणगाड्यास आग लागली. तो सोडून देण्याची आज्ञा आली असतां, आपली तोफ अद्याप चालत आहे ह्या कारणास्तव त्यांनीं ती मानली नाहीं, आणि लढतां लढतां ते त्या रणगाड्यांतच पडले. त्यांचें वय तेव्हां एकवीस वर्षांचें होतें. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. युद्धानंतर फामागुस्ता दुरुस्त करण्यांत आला, आणि ज्या गांवीं त्याचा अधिकारी शिकत होता त्याच गांवीं तो येऊन राहिला.

आतां समजा, कोणी हौशी गृहस्थ हा रणगाडा एकास पस्तीस प्रमाणांत करावयास बसला. तामियाचा सेंच्युरियनचा संच त्यास मिळेल. पण पेटींतला रणगाडा ब्रिटिश सैन्याचा आहे. त्यावरील खुणा काढून पूना हॉर्सच्या खुणा हातानें रंगवाव्या लागतील. सेंच्युरियनवर आरंभीं सतरा पौंडी, पुढें वीस पौंडी, आणि १९५९ च्या सुमारापासून १०५ मिलिमीटरांची, अशा तीन तोफा वेळोवेळीं बसल्या. म्हणून नळी कोणती हा पहिला प्रश्न, व त्याचें उत्तर माप घेऊनच मिळावयाचें. मूळ रणगाड्याची सुमारें तीन मीटर चाळीस सेंटिमीटरांची रुंदी त्याच्या टेबलावर सुमारें सत्त्याण्णव मिलिमीटरांत बसली पाहिजे. परंतु ह्याहूनही अवघड प्रश्न पुढें आहे. कोणता फामागुस्ता करावयाचा? १६ डिसेंबरच्या सकाळीं निघाला तो, शेवटचा मार बसल्यानंतरचा, कीं दुरुस्त होऊन, नवा रंग लेऊन नगरास उभा आहे तो? नांव एक असलें तरी हे तीन निरनिराळे रणगाडे आहेत. नगरचा रणगाडा लोखंडाच्या मापांविषयीं खरी साक्ष देईल. त्या दिवशींच्या जखमांविषयीं देणार नाहीं, कारण दुरुस्ती करणारांनीं त्या बुजविल्या आहेत. साधन अस्सल असलें तरी तें कोणत्या गोष्टीचें साधन आहे हें पारखावें लागतें. इतिहासाच्या वर्गांत हा धडा शिकविण्यास जितके दिवस लागतात, तितके दिवस ह्या टेबलावर लागत नाहींत.

येथेंच मोठा मोह उभा राहतो. काजळी, गंज, चिखल, गोळ्यांचे व्रण हें सर्व रंगानें हुबेहूब दाखवितां येतें, आणि जितकें अधिक दाखवावें तितकी पाहणाराकडून वाहवा अधिक मिळते. एखादें भगदाड आपल्या पदरचें घालावें, एखादी ज्वाळा कापसाची लावावी, म्हणजे वीरश्री वाढेल, असें वाटतें. हा अंगणांतील किल्ल्याचाच न्याय. फक्त तो लहान मुलाच्या हातीं निष्पाप होता, येथें तो खोटी साक्ष होतो. ज्याच्या मरणाचें आपण स्मारक करतों, त्याच्या मरणांत आपल्या कल्पनेची भर घालण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? प्रामाणिक प्रतिकृतिकार जें ठाऊक आहे तेवढेंच करतो, आणि ही प्रतिकृति अमुक दिवसाची आहे, असें खालच्या पाटीवर लिहून मोकळा होतो.

युद्धाचीं खेळणीं करून मुलांच्या मनांत युद्धाची आवड उत्पन्न होते, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदींच निराधार नाहीं. रणगाडा नुसता विकत आणून कपाटांत ठेवला तर तो शोभेचा होतो, आणि शोभेचें युद्ध ही वाईट गोष्ट आहे. परंतु महिनाभर तो हातानें जुळविणाराचा अनुभव निराळा असतो. शेवटीं तो बुरुजाच्या झांकणांत पांच सेंटिमीटरांच्या हिशेबानें केलेला मनुष्य बसवूं लागतो. तो झांकणाहून मोठा करतां येत नाहीं. केला तर आंत उतरत नाहीं. खांदे आंखडून, शिरस्त्राण सांभाळून त्यास त्या भोकांतून खालीं सोडावें लागतें, आणि त्या वेळीं पेटत्या वाहनांतून बाहेर पडण्यास वाट केवढी होती हें बोटांस कळतें. आज्ञा मोडून आंत राहणें म्हणजे काय, ह्याची कल्पना देण्यास कोणतेंही भाषण ह्या एका झांकणाइतकें उपयोगीं पडणार नाहीं. तो तरुण बुरुजाहून मोठा नव्हता, तुमच्याआमच्याएवढाच होता. म्हणूनच त्यानें केलें तें मोठें.

असो. मुलांच्या मातीच्या किल्ल्यांवर आमचा राग नाहीं. ते राहावेत, व बाजारांत तयार मिळणाऱ्या किल्ल्यांनीं त्यांस हटवूं नये, अशीच आमची इच्छा आहे. फक्त येत्या दिवाळींत घरांतील एखाद्या जाणत्या माणसानें मुलांबरोबर अंगणांत बसावें, हातीं मोजपट्टी घ्यावी, आणि गडाचा एक तरी दरवाजा मावळ्याच्या उंचीस धरून करवून घ्यावा. मग गड केवढा मोठा करावा लागतो, आणि त्याच्या पायथ्याशीं मावळा केवढा दिसतो, तें मुलांस आपोआप दिसेल.