जहांगीरचा वाढदिवस, मुक्काम मांडू

यंदा ऑगस्टच्या अखेरीस ह्यांना साठ पूर्ण होतायत. मुलांच्या डोक्यात हॉल, केटरर आणि जमलं तर गुळाची तुला. आमच्या दोघांच्या डोक्यात मांडू. नातेवाईक मंडळींचे फोन सुरू झालेत, "एवढा मोठा दिवस आणि तुम्ही दोघंच त्या पडक्या शहरात जाऊन बसणार?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

मांडू म्हटलं की रूपमती आणि बाजबहादूर. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेने माळवा घेतला, बाजबहादूर पळाला, रूपमतीने विष घेतलं असं सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यावर इतकी गाणी आणि नाटकं झालीत की मूळ माणसं हाताला लागत नाहीत. मला तिथलं दुसरंच जोडपं आवडतं. बरीच वर्षं लांबलेल्या संसारातलं नसलं तरी जरा आपल्या वयाकडे झुकणारं. जहांगीर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा, नूरजहाँ चाळिशीला टेकलेली, लग्नाला सहा वर्षं झालेली. १६१७ च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत हे दोघं मांडूत राहिले आणि जहांगीरचा वाढदिवसही तिथेच झाला.

तयारी किती करावी? त्याने अब्दुल करीम नावाच्या वास्तुकाराला आधीच पुढे पाठवलं होतं. जुन्या सुलतानांचे पडके महाल दुरुस्त करायचे, काही नवे बांधायचे. त्यावर सुमारे तीन लाख रुपये लागल्याचं जहांगीरने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. मग अजमेरहून प्रस्थान. १५९ कोस, चार महिने दोन दिवस. त्यात ४६ कूच आणि ७८ मुक्काम! म्हणजे चालण्यापेक्षा थांबणंच जास्त. तळ शक्यतो तळ्याकाठी नाहीतर ओढ्याकाठी, वाटेत शिकार. (आमचे हे पुण्याहून निघाले की इंदूरपर्यंत फक्त पेट्रोलसाठी थांबतात. तर ते असो.)

अर्थात ही नुसती सुट्टी नव्हती. मुलगा खुर्रम दख्खनच्या मोहिमेवर बऱ्हाणपुराला होता, समोर निजामशाहीचा मलिक अंबर, आणि बादशहाने पाठीशी जवळ येऊन बसणं गरजेचं होतं. पण जहांगीरच्या लिखाणात त्या महिन्यांतलं राजकारण जेवढं आहे, त्याहून जास्त हवा, गवत, फुलं आणि शिकार आहे. त्याने लिहिलेला एक प्रसंग तर मी ह्यांना मुद्दाम वाचून दाखवला. चार वाघ घेरले होते. नूरजहाँने विचारलं, मी मारू का? आणि हत्तीच्या पाठीवरून सहा गोळ्यांत चारही वाघ पाडले. दोन एकेका गोळीत, दोन दोन-दोन गोळ्यांत. हत्तीवर बसून नेम धरणं किती अवघड ते जहांगीरला ठाऊक होतं, कारण हत्ती वाघाचा वास आला की एका जागी उभा राहत नाही. खूश होऊन त्याने तिला लाख रुपयांची हिऱ्यांची कंकणजोडी दिली आणि हजार अशर्फ्या उधळल्या. आज वाघांची ती संख्या वाचून बरं वाटत नाही, पण नवऱ्याने बायकोचं इतकं मोकळं कौतुक स्वतःच्या हाताने लिहून ठेवावं, हे त्या काळात किती जणांनी केलं असेल?

आता दुसरी बाजू. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो बादशहाच्या तळामागून मांडूला आला होता. त्याच्या रोजनिशीतलं मांडू वेगळंच आहे. मार्चमधलं डोंगरमाथ्यावरचं शहर, मोडकं, ओसाड, आणि त्यात बादशाही लवाजम्याची एवढी माणसं आणि जनावरं येऊन पडलेली. पाणी नाही. होत्या त्या विहिरी बड्या सरदारांनी मागून घेतल्या आणि त्यावर पहारे बसवले. बाकीच्यांनी काय करायचं? गरिबांना जनावरं घेऊन डोंगर उतरायला लागलं. रोने एका जुन्या मशिदीच्या आणि कबरीच्या आवारात बिऱ्हाड केलं, जवळ एक झरा सापडला म्हणून त्याचं निभावलं. रात्री आवारात सिंह शिरून त्याच्या मेंढ्या नेत होता. एकदा तर त्याचं लहानसं पांढरं कुत्रंच नेलं!

मला इथे गंमत वाटते ती अशी, की तीन लाख रुपये छतं, भिंती आणि कमानींवर गेले. पाण्याचं मात्र कुणी बघितलं नसावं. आणि ज्यांचे महाल दुरुस्त केले त्या सुलतानांनी नेमकं तेच बघितलं होतं. मांडूचं पठार विंध्याच्या टोकावर आहे, वर नदी नाही, सगळं पावसावर. म्हणून तर पंधराव्या शतकातला तो जहाज महाल मुंज आणि कपूर अशा दोन तलावांच्या मध्ये बांधलाय. गच्चीवरचं पाणी नागमोडी पन्हळींतून फिरत फिरत हौदात येतं, वाटेत वेग मोडतो, गाळ खाली बसतो. या पन्हळी अजूनही बघायला मिळतात. लोक तिथे उभे राहून फोटो काढतात आणि पुढे जातात.

पाऊस आला आणि सगळंच बदललं. जहांगीरने पावसाळी मांडूची जी स्तुती केलीय ती अगदी हरखलेल्या माणसाची आहे. हवा अशी की ऐन ऑगस्टात रात्री पांघरूण लागतं, म्हणतो. तलाव भरल्यावर शब-ए-बारातला नूरजहाँने तलावांच्या मधल्या महालात मेजवानी ठेवली. संध्याकाळी तलावांच्या काठांनी आणि इमारतींवर दिवे लावले, आणि पाण्यात त्यांची प्रतिबिंबं अशी पडली की सगळं तळंच पेटल्यासारखं दिसायला लागलं. एप्रिलमध्ये हीच मेजवानी कोरड्या खड्ड्याकाठी झाली असती! आमची तारीख वाढदिवसामुळे आपोआप ऑगस्टची आली, हे आमचं नशीब.

आणि मग वाढदिवस. रोच्या तारखेप्रमाणे १ सप्टेंबर १६१७. आदल्या वर्षी अजमेरला त्याचा हा समारंभ चुकला होता, या वेळी तो हजर होता. बाग, मध्ये पाणी, सोन्याचा तराजू, आणि दागिन्यांनी लगडलेला बादशहा पारड्यात मांडी घालून बसलेला. आधी रुपयांच्या थैल्या, मग सोनं-जवाहीर, मग जरीची आणि रेशमी वस्त्रं, मसाले, शेवटी धान्य आणि तूप. रो मोठा खट. तो लिहितो, जवाहीर थैल्यांत बांधलेलं होतं, आत खडे असले तरी मला काय कळणार? चांदीचे रुपये नऊ हजार असल्याचं त्याला सांगण्यात आलं. मी आकडेमोड केली: रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे बादशहा शंभर किलोच्या वर! अंगावरचे दागिने वजा केले तरी तब्येत दणकट होती किंवा सांगणारा उदार होता. नंतर बादशहाने चांदीचे पातळ बदाम, सुपाऱ्या, फळं उधळली, तेव्हा मोठमोठे सरदार जमिनीवर लोळून वेचत होते. रो ताठ उभा राहिला, तर जहांगीरने एक तबक त्याच्या झग्यातच ओतलं.

हा तुलेचा रिवाज मुघलांनी आपल्याकडून घेतला. अकबराने तो दरबारी केला, वर्षातून दोनदा, एकदा सौर तिथीने आणि एकदा चांद्र. आपल्याला मुघली वाढदिवस माहीत आहे तो १२ मे १६६६ चा, आग्र्याचा. औरंगजेबाच्या पन्नाशीचाच तो दरबार, ज्यात शिवाजी महाराजांना मागे उभं केलं गेलं. पुढे १६७४ मध्ये रायगडावर महाराजांची सुवर्णतुला झाली ती राज्याभिषेकाची. औरंगजेबाने नंतर स्वतःची तुला बंद केली. आपल्याकडे मात्र ती पेढ्यांची, गुळाची, पुढाऱ्यांची चालूच आहे. ह्यांचं म्हणणं, गूळ थेट शाळेच्या स्वयंपाकघरात पोचवा, मला पारड्यात कशाला बसवता? तेव्हा मुलांनो, गुळाचं ठरलं, तराजूचं रद्द.

मांडूतला शेवटचा सोहळा ऑक्टोबरमधला. खुर्रम विजयी होऊन परतला, त्याला शाहजहान हा किताब मिळाला, सिंहासनाजवळ बसायला खुर्ची मिळाली. नूरजहाँने त्याच्यासाठी जी मेजवानी केली तिचा खर्च तीन लाख रुपये. म्हणजे सगळे महाल दुरुस्त करायला लागले तेवढेच, एका मेजवानीला! पाचच वर्षांत हाच शाहजहान बापाविरुद्ध आणि मुख्यतः या सावत्र आईविरुद्ध बंड करून उठला. आणि ज्याच्यावरच्या विजयाची ती मेजवानी होती, त्या मलिक अंबरने १६२० मध्ये तह मोडला. त्याच्या फौजा, त्यात आपले मराठे स्वार आले, नर्मदा ओलांडून थेट मांडूच्या आसपास लुटालूट करत फिरत होत्या.