अनवाणी रस्सा



वसंतातल्या व्याख्यानांस शिवकाल, संतवाङ्मय, स्वातंत्र्यलढा असे विषय शोभतात. आज आम्ही रश्श्याविषयी बोलणार, हे ऐकून काहींस हसू आले असेल. परंतु सामान्य माणूस कसा जगला हे दप्तरांत क्वचितच सापडते. ते चुलीलाच विचारावे लागते.

१८१८ सालच्या मे महिन्यात कंपनीच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. तिचा सेनापती टॉमस मन्रो हा ग्लासगोचा, म्हणजे स्कॉटलंडचा. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन व माल्कम हेही स्कॉटच. आपण या मंडळींना सरसकट इंग्रज म्हणून मोकळे होतो. त्यांच्या मुलखातला गरीब मनुष्य काय खात होता, हे मात्र कधी विचारीत नाही.

तो मुलूख थंड, ओला आणि डोंगराळ. तेथे गव्हापेक्षा ओट आणि सातू बरे येतात. अठराव्या शतकात बटाटा तेथल्या शेतांत पसरला आणि थोड्या जमिनीत पुष्कळ पोटे भरू लागला. त्यातूनच स्टोव्हीज नावाचा पदार्थ घरोघर रुळला. भांड्यात चरबी, वर कांदा आणि बटाट्याच्या फोडी, त्यांत आदल्या दिवशीच्या मांसाचे उरलेसुरले तुकडे. पाणी बेताचेच, झाकण घट्ट आणि आच मंद. प्रत्येक घर म्हणते, खरी रीत आमचीच. कुणी गाईचे मांस घालतो, कुणी मेंढीचे, कुणी सॉसेज. ईशान्येकडे त्यासोबत ओटाची कडक चानकी आणि बीट घेतात. दक्षिण सरहद्दीवर बटाटा कोबीत कालवतात, तर उत्तरेच्या ऑर्कनी बेटांवर सलगमात. आणि ज्या दिवशी घरात मांसाचा तुकडाही नसे, त्या दिवशीच्या स्टोव्हीजला त्यांच्या बोलीत नाव आहे ‘बारफिट’, म्हणजे अनवाणी! गरिबीला इतके नेमके आणि इतके हसरे नाव क्वचितच कुणी दिले असेल.

मात्र एकाच पिकावर भिस्त ठेवण्याची किंमतही त्यांनी मोजली. १८४६ साली बटाट्यावर करपा पडला, डोंगराळ भागात अन्नान्नदशा झाली आणि पुढील काही वर्षांत हजारो कुटुंबे जहाजांत बसून परदेशी गेली.

आता आपल्याकडे वळू. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणला. म्हणून आपण ‘बटाटा’ म्हणतो आणि नागपूरकडे ‘आलू’ म्हणतात. पुढे पुणे जिल्ह्यात खेड-मंचरकडे त्याची शेती स्थिरावली. आज एकादशीच्या फराळात तो इतका सोवळा होऊन बसला आहे की, हा सातासमुद्रापलीकडचा पाहुणा आहे हे पंढरीच्या वाटेवर कुणाच्या ध्यानीही येत नाही.

परंतु आपल्या मटणाच्या भांड्यात पुरवठ्याचे काम बटाट्याने एकट्याने केले नाही. ते मुख्यतः रश्श्याने आणि भाकरीने केले. कोल्हापुरात तांबडा व पांढरा असे दोन रस्से, नागपुरात सावजींचा झणझणीत, कोकणात ओल्या नारळाचा, आणि आपल्या सोलापुराकडे भाजलेल्या खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा. रंग निराळे, हिशेब एकच : मटण थोडे आणि माणसे फार. पाहुणा वाढला की रश्श्यात पाणी वाढते, फार तर बटाट्याच्या चार फोडी पडतात. भाकरी कुस्करली की ताट भरते.

आणि ज्या दिवशी मटणच नसेल त्या दिवशी? येथे करकंबकरांनी मान ताठ करावी. आपली बाजार आमटी म्हणजे मटणावाचूनचा रस्साच आहे. चार प्रकारच्या डाळी एकत्र शिजवाव्यात, काळा मसाला सढळ घालावा, वर लाल तवंग यावा आणि खाली कुस्करलेली भाकरी असावी. बाजारकऱ्यांचे जेवण, हे तर तिचे नावच सांगते. पंढरी जवळ, घरोघर माळकरी. मटणाचा झणका मटणाशिवाय मिळावा, ही गरज येथे दुहेरी होती असे आम्हांस वाटते. कुणास खिशाने अडविले, कुणास गळ्यातल्या माळेने. पण दोघांनाही एकाच पंक्तीस बसविले ते या आमटीने. हीच आमची अनवाणी स्टोव्हीज!

तिच्याखालची भाकरी मात्र विसरू नका. १८७६-७८च्या दुष्काळात या जिल्ह्याने अपार सोसले. जवळचा आष्टीचा तलाव त्याच दुष्काळातल्या कामांची खूण आहे. अशा भूमीत थंडीतल्या ओलीवर येणारी शाळूची ज्वारी हाच आधार होता. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, कालवे आले आणि शाळूच्या रानांत ऊस उभा राहिला. पाणी आले याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु स्कॉटलंडची गोष्ट आठवते. एका पिकावर सारे ओझे टाकणे त्यांना महागात पडले होते.

म्हणून एवढीच विनंती. घरी गेल्यावर आईला, आजीला विचारा : आमटीत कोणत्या डाळी, किती, मसाला कसा भाजायचा, आणि ज्या वर्षी डाळही नव्हती त्या वर्षी चुलीवर काय होते? उत्तर वहीत उतरवून ठेवा. त्या हातांबरोबर तो इतिहास गेला, तर तो पुन्हा कोणत्याही दप्तरात सापडायचा नाही.