जुने भाग लागले तेव्हा
मालिकांचे संवाद लिहून माझं घर चालतं. म्हणूनच अमेरिकी लेखकांचा तो संप मला कधी परका वाटला नाही. ५ नोव्हेंबर २००७ ला सुमारे १२ हजार जणांनी लिहिणं थांबवलं. मागणी रास्त होती: इंटरनेटवर दाखवलेल्या कामाचेही पैसे द्या. रात्रीचे गप्पांचे कार्यक्रम लगेच जुन्या भागांवर आले, कारण त्यांचे विनोद रोज ताजे लिहावे लागतात. मालिकांच्या लिहून ठेवलेल्या संहिता काही आठवडे पुरल्या. मग ‘हिरोज’चा दुसरा सीझन ११ भागांतच आटोपला, ‘२४’चा सातवा थेट जानेवारी २००९ मध्ये आला. या मालिका विकत घेणाऱ्या परदेशी वाहिन्याही ताटकळल्या. शंभर दिवसांनी लेखकांनी इंटरनेटवरचा मोबदला पदरात पाडून घेतला. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या कामगार-तंत्रज्ञांनी काम बंद केलं, तेव्हा आपल्या हिंदी मालिकांचेही जुनेच भाग पुन्हा दाखवावे लागले.