बेघरपणाचा प्रतिबंध आणि मूल्यमापनाची कसोटी : न्यूयॉर्कचा ‘होमबेस’ उपक्रम (२००४–२०१३)

प्रस्तावना

बेघर झालेल्यांना निवारा देणे आणि कुटुंबाला बेघर होऊच न देणे, ही दोन भिन्न धोरणे आहेत. दुसऱ्या धोरणाचे यश मोजणे कठीण असते. कारण जी आपत्ती ओढवलीच नाही, तिची नोंद कोठेही राहत नाही. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्क शहरातील ‘होमबेस’ उपक्रमाच्या मूल्यमापनाचा या दृष्टीने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कॅलहन विरुद्ध केरी खटल्यातील १९८१ च्या तडजोड हुकूमनाम्यामुळे बेघर पुरुषांना निवारा पुरविणे न्यूयॉर्क शहरावर बंधनकारक झाले. पुढे न्यायालयीन लढ्यातूनच कुटुंबांनाही हे संरक्षण लाभले. परिणामी निवारागृहांवरील भार वाढत गेला. या पार्श्वभूमीवर २००४ मध्ये सहा विभागांत ‘होमबेस’ सुरू झाला. स्थानिक स्वयंसेवी संस्थांमार्फत घरमालकाशी मध्यस्थी, थकीत भाड्यासाठी अल्पकालीन साहाय्य, शासकीय लाभ मिळवून देणे आणि रोजगारविषयक मार्गदर्शन असे त्याचे स्वरूप होते. २००८ पर्यंत तो शहरभर विस्तारला.

मूल्यमापन आणि नैतिक प्रश्न

२०१० मध्ये ॲब्ट असोसिएट्स या संस्थेच्या अभ्यासासाठी २९५ पात्र कुटुंबांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली. १५० कुटुंबांना उपक्रमाचे साहाय्य मिळाले. १४५ कुटुंबांना दोन वर्षे त्यापासून वगळून इतर संस्थांची यादी देण्यात आली. गरजू कुटुंबांना प्रयोगाचा विषय बनविल्याची तीव्र टीका तेव्हा झाली. शहराची भूमिका अशी होती की, सर्वांना पुरेल इतका निधी नाही आणि उपक्रमाची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही.

२७ महिन्यांनंतर नियंत्रित गटातील १४.५ टक्के, तर साहाय्यप्राप्त गटातील ८ टक्के कुटुंबांनी निवारागृहात किमान एक रात्र काढल्याचे आढळले. निवारागृहातील वास्तव्यही प्रतिकुटुंब सरासरी २२.६ रात्रींनी घटले.

या आकड्यांची दुसरी बाजूही लक्षणीय आहे. साहाय्याविनाही ८५ टक्क्यांहून अधिक कुटुंबे निवारागृहात गेली नाहीत. म्हणजेच खरा प्रश्न निवडीचा ठरतो. मॅरीबेथ शिन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ११,१०५ अर्जदार कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १२.८ टक्के कुटुंबे तीन वर्षांत निवारागृहात दाखल झाली होती. कार्यकर्त्यांच्या अंदाजाऐवजी १५ जोखीम-घटकांची प्रश्नावली वापरली असती, तर धोक्यात असूनही निवडीतून सुटलेल्या कुटुंबांची संख्या सुमारे दोन-तृतीयांशांनी घटली असती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

समारोप

उपक्रम उपयुक्त ठरला, हे मान्य करावे लागते. तथापि निवारागृहात न जाणे म्हणजे सुस्थिर घर लाभणे नव्हे. नातेवाइकांच्या खोलीत दाटीने राहणारे कुटुंब या गणनेत यशस्वीच ठरते. शिवाय हा निष्कर्ष ज्या तुलनेवर उभा आहे, ती १४५ कुटुंबांना साहाय्य नाकारल्यामुळेच शक्य झाली. उपक्रमाच्या यशाबरोबर या किमतीचीही नोंद इतिहासाने ठेवणे अगत्याचे आहे.